चर बुजण्याआधी: चाड–कॅमेरून तेलवाहिनीच्या वाटेवरचं पुरातत्त्व

दक्षिण चाडमधल्या डोबा खोऱ्यातलं तेल समुद्रापर्यंत न्यायचं, तर वाट कॅमेरूनमधूनच जाते. चाडला किनारा नाही. त्यामुळे कोमे इथल्या तेलक्षेत्रापासून कॅमेरूनच्या क्रिबी किनाऱ्यापर्यंत १,०७० किलोमीटर लांबीची वाहिनी टाकायचं ठरलं. त्यातले जवळपास ८९० किलोमीटर कॅमेरूनमध्ये. एक्सॉनमोबिल, पेट्रोनास आणि शेव्हरॉन या तीन कंपन्या, दोन सरकारं आणि जागतिक बँक असा हा पसारा होता. बँकेने जून २००० मध्ये मंजुरी दिली, त्याच वर्षी काम सुरू झालं आणि २००३ च्या जुलैत वाहिनीत तेल सोडलं गेलं.

वाहिनी जमिनीखालून जाते. त्यासाठी सुमारे ३० मीटर रुंदीचा पट्टा मोकळा करावा लागतो: झाडं तोडायची, बुलडोझरने वरची माती सरकवायची, एका कडेला चर खणायचा, नळ जोडून त्यात उतरवायचा आणि माती परत लोटायची. ३० मीटर हा आकडा ऐकायला लहान वाटतो. १,०७० किलोमीटरने गुणला की तो ३२ चौरस किलोमीटर होतो, म्हणजे ३,२०० हेक्टर. एवढी जमीन तीन वर्षांच्या आत उलथीपालथी होणार होती, आणि तिच्या बहुतेक भागात त्याआधी एकाही पुरातत्त्वज्ञाने पाऊल ठेवलं नव्हतं.

या वाटेवर १९९९ पासून जे सर्वेक्षण झालं, ते मला ग्रामीण भागातून जाणाऱ्या कोणत्याही लांब वाहिनीसाठी अभ्यासण्यासारखं वाटतं. तिथे सगळं नीट झालं असं नाही. पण कामाची वेळ आणि कामाची जागा यांवरच सगळं कसं ठरतं, हे तिथे उघड दिसतं. आखणी झाल्यावर पट्ट्यातून एकदा चालून यायचं, अहवाल द्यायचा आणि बांधकामाला ना-हरकत द्यायची, ही सर्वेक्षणाची रूढ कल्पना या प्रकरणात अर्ध्या वाटेवरच तोकडी पडली.

पुरातत्त्वाचं काम मुळात का करावं लागलं, तर बँकेमुळे. सांस्कृतिक वारशाबद्दल जागतिक बँकेचं एक अंतर्गत धोरण १९८६ पासून होतं. ज्या प्रकल्पामुळे पुन्हा न मिळणाऱ्या वारशाचं मोठं नुकसान होईल त्याला सहसा पैसे देऊ नयेत, आणि नुकसान टाळता येत नसेल तर नोंद व बचावाची तरतूद प्रकल्पातच असावी, असा त्याचा रोख. प्रकल्पाच्या एकूण खर्चाच्या मानाने बँकेचा वाटा लहान होता. पण दोन अस्थिर अर्थव्यवस्थांमध्ये एवढी रक्कम ओतायची, तर कंपन्यांना बँकेचा सहभाग हवाच होता. त्या हव्याशा शिक्क्याच्या बदल्यात ज्या अटी आल्या, त्यांत खापरं, लोखंड गाळताना उरलेल्या मळीचे ढीग आणि जुन्या भट्ट्या यांनाही जागा मिळाली. ही अट वगळली, तर हा वारसा वाचवण्याइतकी यंत्रणा त्या वेळी दोन्ही देशांकडे नव्हती. प्रशिक्षित पुरातत्त्वज्ञ मोजके होते, आणि चाडमध्ये तर फारच थोडे.

अमेरिकेतले पुरातत्त्वज्ञ स्कॉट मॅकईकर्न सल्लागार म्हणून आले. उत्तर कॅमेरूनच्या डोंगराळ भागात त्यांचं बरंच काम होतं. कॅमेरूनच्या गवताळ पठारावरच्या शुम लाका या शैलाश्रयावर, म्हणजे खडकाच्या आडोशाखालच्या जुन्या वस्तीच्या जागेवर, ज्यांनी संशोधन केलं होतं, ते फिलिप लाव्हाशेरी प्रत्यक्ष क्षेत्रकामात राहिले. त्यांच्याबरोबर चाड आणि कॅमेरूनमधले पुरातत्त्वज्ञ होते. पट्ट्यावर उन्हातान्हात चालण्याचं, छेद साफ करण्याचं आणि नोंदी ठेवण्याचं काम याच माणसांच्या बळावर झालं.

चाडच्या बाजूने सुरुवात तुलनेने सोपी होती. सवानाचा मुलूख, मोकळी शेतं, कोरड्या मोसमात गवत वाळलेलं किंवा जाळलेलं. अशा जमिनीवर ओळीने चालत गेलं की पायाखाली खापरं दिसतात. लोखंड गाळलेल्या जागा तर आणखी स्पष्ट दिसतात, कारण काळी, जड, काचेसारखी चकाकणारी लोहमळी कुजतही नाही आणि सहसा कुणी उचलूनही नेत नाही. मळीच्या ढिगाजवळ भाजलेल्या मातीचं कडं दिसलं की ती भट्टीची बैठक. शेजारी भात्याच्या मातीच्या नळ्यांचे तुकडे मिळाले की शंका उरत नाही. दक्षिण चाडमध्ये अशा जागा मुबलक निघाल्या. डोबाच्या आसपासच्या गावांमध्ये लोखंड गाळण्याची परंपरा किती दाट पसरलेली होती, याचा अंदाज या सर्वेक्षणातूनच आला.

इथे वाचवण्याचा उत्तम मार्ग होता तो म्हणजे टाळणं. स्थळ आधी कळलं आणि आखणी अजून कागदावर असली, तर तेलविहिरीचा चौथरा किंवा रस्ता थोडा सरकवता येतो. उत्खननापेक्षा हे स्वस्त पडतं, आणि स्थळ पुढच्या पिढीसाठी जमिनीत शाबूत राहतं. मुख्य वाहिनीला मात्र इतकी मोकळीक नसते. जाड पोलादी नळ मनाला येईल तिथे वळत नाही आणि प्रत्येक वळणाला खर्च लागतो. म्हणून आखणी गोठण्याच्या आधी सापडलेलं एक स्थळ नंतर सापडलेल्या दहा स्थळांइतकं मोलाचं असतं, कारण त्याच्याबाबत निर्णय घ्यायला अजून वाव असतो.

कॅमेरूनच्या दक्षिण भागात वाहिनी शिरली तेव्हा चित्र पालटलं. अदामावा पठार उतरून बेलाबोच्या पुढे गेलं की वनाचा प्रदेश सुरू होतो, आणि तो याउंदेच्या परिसरातून लोलोडॉर्फ, बिपिंडी असा थेट क्रिबीपर्यंत जातो. इथे जमीनच दिसत नाही. पालापाचोळा, मुळं, झुडपं आणि त्यांच्याखाली लाल माती. दख्खनच्या पठारावर पांढरीच्या टेकाडावर चढलं की खापरं आपोआप नजरेत भरतात. त्या सवयीच्या डोळ्यांना इथे काहीच सापडणार नाही. शिवाय इथल्या जुन्या वस्त्यांची टेकाडं बनलेलीच नाहीत. लाकूड, चटया, पानं आणि थोडी माती यांची घरं काही वर्षांत सोडून दिली की जंगल ती गिळून टाकतं. आम्लयुक्त मातीत हाडंही सहसा टिकत नाहीत.

मग उरतं काय? खड्डे. दक्षिण कॅमेरूनमध्ये सुरुवातीच्या खेड्यांची मुख्य खूण म्हणजे जमिनीत खोल खणलेले खड्डे, ज्यांत फुटकी मडकी, कोळसा, दगडी हत्यारं आणि पाम तेलाच्या फळांची जळकी कवचं साठून राहिली. याउंदेजवळच्या ओबोबोगो इथे १९८० च्या दशकात असे खड्डे खणले गेले, तेव्हापासून ही गोष्ट माहीत होती. हे खड्डे कशासाठी खणले यावर अजून वाद आहे. कुणी म्हणतं साठवणीसाठी, कुणी म्हणतं माती काढण्यासाठी, कुणी कचऱ्यासाठी, तर कुणी काही विधीसाठी. माझ्या मते सगळ्या खड्ड्यांना एकच उत्तर शोधणं व्यर्थ आहे. एकाच खड्ड्याचा उपयोगही काळाबरोबर बदलला असणार.

असा खड्डा वरून शोधणं का जमत नाही, याचं गणित करून पाहावं. पट्ट्याचा एक किलोमीटर घेतला तर क्षेत्र होतं ३०,००० चौरस मीटर. दर ५० मीटरवर अर्धा मीटर लांब-रुंद असा चाचणी खड्डा घेतला, तर किलोमीटरमागे २० खड्डे आणि मिळून ५ चौरस मीटर जमीन पाहिली जाते. म्हणजे सहा हजारांतला एक भाग. ज्या पुराव्याचं तोंड मीटर-दीड मीटर रुंद आहे, तो अशा जाळ्यात अडकणं निव्वळ नशिबाचं. उलट वाहिनीचा चर एक मीटर रुंद धरला, तरी तो किलोमीटरमागे १,००० चौरस मीटर जमीन उघडी करतो. म्हणजे चाचणी खड्ड्यांच्या दोनशे पट. वर दोन्ही बाजूंना दीड-दोन मीटर उंचीची, किलोमीटरभर लांब ताजी भिंत मिळते ती वेगळीच. कुठल्याही विद्यापीठाला असा छेद स्वतःच्या पैशाने घेणं कधी परवडणार नाही.

म्हणून वनात कामाचा भर बदलला. बांधकामाआधीची पाहणी होतीच, पण खरी माहिती बुलडोझरच्या मागून आणि चराच्या काठावरून मिळाली. झाडं हटवून वरची माती सरकवल्यावर एकदा पाहायचं, आणि चर खणल्यावर पुन्हा भिंतींवर नजर ठेवत चालायचं.

ही नजर काय शोधते, ते जरा जवळून सांगतो. लाल-पिवळ्या मातीच्या भिंतीत मध्येच एक करडा, काळपट डाग दिसतो. वरचं तोंड अरुंद, खाली किंचित फुगलेला, तळ गोलसर. खुरप्याने भिंत हलकेच तासली की कडा स्पष्ट होतात. आतल्या मातीत कोळशाचे कण, वरच्या थरात मोठी खापरं, काही वेळा एकाच मडक्याची, एकमेकांवर रचल्यासारखी. तळाशी पामच्या कवचांचा थर. अर्धा खड्डा यंत्राने नेलेला असतो आणि अर्धा भिंतीत शिल्लक असतो. त्या अर्ध्याचा छेद काढायचा, फोटो घ्यायचे, थराथराने माती उकरून चाळायची, कोळसा आणि कवचं स्वच्छ पिशवीत वेगळी ठेवायची. पामची कवचं विशेष मोलाची. जुन्या झाडाच्या गाभ्याचं लाकूड जाळलं असेल तर कार्बन-१४ ची, म्हणजे नमुन्यात उरलेल्या किरणोत्सारी कार्बनवरून काढलेली, तारीख प्रत्यक्षाहून जुनी येऊ शकते. फळाचं कवच एकाच हंगामाचं असतं, त्यामुळे तो धोका राहत नाही.

आणि हे सगळं चर बुजण्याआधी. चर उघडा राहणं कंत्राटदाराला परवडत नाही. पाऊस आला की भिंती ढासळतात, गुरंढोरं पडण्याची भीती असते, माणसांचे रस्ते तुटतात. नळ उतरवणारी तुकडी मागून येतच असते, आणि इतक्या लांबीच्या कामात खोदाई एकाच वेळी अनेक ठिकाणी चालू असते. पुरातत्त्वज्ञ एका जागी खड्डा तासत बसला, की दुसरीकडची ताजी भिंत न पाहता बुजू शकते. कुठे थांबायचं आणि कुठे फक्त नोंद करून पुढे जायचं, हा निर्णय चराच्या काठावर उभं राहूनच घ्यावा लागतो. माझ्या मते या कामातलं सगळ्यात मोठं कौशल्य हेच, आणि ते पुस्तकातून येत नाही. खापरांची घडण, खड्ड्यांची दाटी, शेजारी मळी आहे का, अशा चार खुणा पाहून मिनिटांत ठरवता यायला त्या भागातली माती आधी हाताखालून गेलेली असावी लागते.

१९९९ ते २००४ या काळात या मार्गावर एकूण ४७२ स्थळं नोंदली गेली. आफ्रिकेच्या मध्य पाषाणयुगातल्या दगडी हत्यारांपासून अलीकडच्या लोहकामापर्यंतचा पल्ला त्यांत आला. पहिला आढावा २००५ मध्ये एका संशोधनपत्रिकेत आणि संपूर्ण अहवाल २०१० मध्ये इंग्रजी-फ्रेंच अशा द्विभाषिक ग्रंथरूपात निघाला. वाहिन्यांच्या दुनियेत असे अहवाल बहुतेकदा कंपनीच्या कपाटात राहतात. इथे तो दोन्ही भाषांत छापला गेला, हे मी या प्रकरणाचं ठळक यश मानतो. कॅमेरूनचा विद्यार्थी आज आपल्या गावाजवळचं स्थळ त्यात शोधू शकतो.

४७२ या आकड्याचा अर्थ मात्र जपून लावला पाहिजे. मोकळ्या शेतात दिसणारी स्थळं आणि वनात चरातून सापडणारी स्थळं एकाच मापाने मोजलेली नाहीत. एखाद्या टापूत स्थळं विरळ दिसली, तर तिथे माणसं विरळ होती की माती सांगत नव्हती, हे आधी तपासावं लागतं. नकाशावरचे ठिपके पाहून लोकवस्तीचे निष्कर्ष काढण्याची घाई अशा कामात फार महागात पडते.

तरीही या पट्ट्याची एक ताकद वेगळीच होती. पुरातत्त्वज्ञ स्वतः जागा निवडतो तेव्हा तो रस्त्याजवळची, आधीपासून ऐकलेली, काहीतरी सापडेल अशी जागा निवडतो. वाहिनीची आखणी अभियंत्यांनी केलेली. तिला पुरातत्त्वाशी देणंघेणं नाही. म्हणून ती ओसाड, दुर्गम, कुणी ढुंकून न पाहिलेल्या जमिनीतूनही जाते आणि संशोधकाच्या आवडीनिवडीपासून मुक्त असा नमुना हाती देते. सवाना, पठार, वन आणि किनारा असा पूर्ण पालटता भूगोल एकाच रेषेत कापलेला, तोही अशा प्रदेशात जिथून बांटू भाषा बोलणाऱ्यांचे पूर्वज दक्षिणेकडे पसरले. या भाषांची संख्या आज सुमारे ५०० मानली जाते, आणि त्यांचं मूळ नायजेरिया-कॅमेरून सीमेच्या आसपास समजलं जातं. भाषाशास्त्राने आखलेल्या या वाटेवर मातीतला पुरावा फार तुटपुंजा होता. वाहिनीने त्यात शेकडो ठिपके भरले.

लोखंडाच्या प्रश्नावर मात्र निसर्गानेच अडसर घातला आहे. मध्य आफ्रिकेत लोखंड गाळणं कधी सुरू झालं, हा मोठा वाद. त्यासाठी महत्त्वाचा काळ म्हणजे इ.स.पू. पहिलं सहस्रक. पण इ.स.पू. ८०० ते ४०० या चार शतकांत कार्बन-१४ च्या मोजमापाचं खऱ्या वर्षांत रूपांतर करणारा आलेख जवळपास सपाट आहे, त्यामुळे त्या काळातल्या नमुन्याची तारीख तीनशे-चारशे वर्षांच्या पसरट पट्ट्यात येते. एकाच भट्टीतून अनेक नमुने काढले तरी हा दोष जात नाही. त्यामुळे खापरांच्या शैलीची क्रमवारी लावण्याचं कष्टाचं काम टळत नाही, आणि त्यासाठी थरांसकट नोंदलेले पुष्कळ खड्डे लागतात. बचाव मोहिमेत गडबडीत तासलेला अर्धा खड्डासुद्धा या साखळीत कामाला येतो, जर नोंद चोख असेल तर.

गावांची बाजू थोडक्यात सांगतो, पण ती गौण समजू नये. जुनी कबर किंवा पूज्य झाड जमिनीवर उभं असतं आणि त्याचे वारस शेजारीच राहतात. त्याबद्दल खापरं बोलत नाहीत, माणसं बोलतात. अशा जागा नकाशात याव्यात म्हणून आधी गावात बसावं लागतं, वडीलधाऱ्यांना विचारावं लागतं, आणि हे काम पुरातत्त्वज्ञाने भूसंपादनवाल्यांच्या गाडीतून उतरून करू नये. भरपाईच्या चर्चेची सावली पडली की उत्तरं बदलतात.

उणिवा ठळक आहेत. पट्टा ३० मीटरचा, पण खेडं ३० मीटरचं नसतं. एखाद्या वस्तीचे दोन खड्डे चरात आले आणि बाकी वस्ती बाहेर राहिली, तर तिची रचना कळत नाही. घरं कुठे होती, वाटा कशा होत्या, खड्डे घराजवळ होते की लांब, यातलं काहीच अशा अरुंद फटीतून दिसत नाही. दुसरी उणीव तेलक्षेत्रात दिसली. वाहिनी एकदा टाकली की काम संपतं. तेलक्षेत्र मात्र पसरत राहतं. मूळ योजना सुमारे ३०० विहिरींची होती, पुढे ती संख्या वाढत गेली. प्रत्येक नव्या विहिरीबरोबर चौथरा, रस्ता, नळ आणि विजेची तार येते. हे तुकडे एकेकटे लहान असतात, म्हणून त्यांची पाहणी टाळण्याचा मोह होतो, आणि मिळून मात्र ते बरीच जमीन खातात. त्यातच २००८ मध्ये चाडने बँकेचं कर्ज मुदतीआधी फेडलं आणि बँक या प्रकल्पातून बाहेर पडली. ज्या अटीच्या जोरावर हे काम उभं राहिलं, तिच्यामागचं बळच गेलं. बाहेरच्या पतपुरवठादाराच्या धोरणावर वारशाचं रक्षण टांगलं, की त्याची मुदत कर्जाच्या मुदतीइतकीच राहते. चाडसारख्या देशाला स्वतःचा कायदा, स्वतःची माणसं आणि स्वतःचं संग्रहालय यांतच गुंतवणूक करावी लागेल.

तिसरी अडचण उत्खननानंतरची. चर बुजला की कंपनीच्या दृष्टीने काम संपतं, पुरातत्त्वज्ञाचं तेव्हा कुठे सुरू होतं. खापरं धुणं, क्रमांक टाकणं, जोडणं, चित्रं काढणं, नमुने प्रयोगशाळेत पाठवणं, शेवटी पेट्या ठेवायला कोरडी जागा शोधणं. वाहिनीतून तेल वाहू लागलं की अंदाजपत्रकही बंद होतं. इथे क्षेत्रकाम २००४ ला आटोपलं आणि ग्रंथ २०१० ला आला. मधली सहा वर्षं याच कामाची आहेत.

कॅमेरूनमध्ये या मोहिमेचा धागा पुढे चालू राहिला. बेलाबोच्या परिसरातलं लोम पंगार धरण आणि क्रिबीजवळची ऊर्जाप्रकल्पांची कामं यांच्या वेळी बांधकामाआधीचं पुरातत्त्वीय सर्वेक्षण पुन्हा झालं.

अशा कामाच्या कंत्राटात काय लिहून घ्यावं, असं मला विचारलं तर या प्रकरणावरून मी चार गोष्टी आग्रहाने मागेन. आखणी पक्की होण्याआधीची पाहणी. माती सरकवताना आणि चर उघडा असताना प्रत्येक खोदाई-तुकडीमागे एक अनुभवी पुरातत्त्वज्ञ, ज्याला ठरावीक तासांसाठी काम थांबवण्याचा लेखी अधिकार असेल. जोडवाहिन्या, रस्ते आणि नंतर वाढणाऱ्या विहिरी यांनाही हीच अट. आणि क्षेत्रकामाइतकीच रक्कम विश्लेषण, छपाई व साठवणीसाठी, पहिला बुलडोझर हलण्याआधी वेगळ्या खात्यात जमा केलेली.